आधी बरं, की आता?

बोहरी आळीत, सुतळीच्या आणि खिळ्यांच्या दुकानांमधून
लाकडी जिना चढून गेलं की मुर्तझाभाई.
दोरखंडांच्या मागे त्यांचं एक कपाट आहे.
त्याची पाटी बाहेर कुठेच नाही.

मी सांगतो, पाच चिन्हांचे पत्ते. खुणेचे.
वर्तुळ, अधिक, तीन लाटा, चौकोन, तारा,
प्रत्येकाचे पाच.
कशाला, ते विचारत नाहीत.
विचारतात, "उजेड कसला असतो?"

सोसायटीचा हॉल. परवा धनकवडीत आहे एक,
कुणाच्या तरी साठीचा.
पिवळे दिवे, मागे फुगे,
आणि पहिल्या रांगेत हमखास एक पोरगं
ज्याला अजून चष्मा लागायचाय.

"मग हे नको."
पाठीवर जाळी, जाळीतलं एक घर भरलेलं,
कोपऱ्यात, मोहरीएवढं.
"हे बसून करायचं काम. तुम्ही उभे राहता."

दुसऱ्याच्या पाठीवर फूल.
कुठली पाकळी आखूड, त्यावरून चिन्ह.
तिसऱ्याला शाईची खूणच नाही,
नुसता एक ओशटपणा,
रोखून बघितलं तर दिसत नाही,
नजर सैल सोडली तर दिसतो.
त्यांनी तिन्ही जुडगे काउंटरवर उलगडून दाखवले.

मी दिवसभर लक्ष्मी रोडला, चष्म्याच्या दुकानात.
लोकांच्या नाकावर ती जड चौकट चढवायची,
भिंग बदलायचं, विचारायचं:
आधी बरं, की आता?
एकतीस वर्षं.
उत्तर तोंडाआधी मान देते, सूतभर पुढे येऊन.
खोटं बोलणारे जरा लवकर बोलतात.

एकदा पीएमपीचे एक ड्रायव्हर आले, घोलप म्हणून,
नोकरीच्या कागदासाठी.
शेवटची ओळ धडाधड म्हणाले, एकही अक्षर न चुकता.
मी म्हटलं, काका, तुम्ही वाचत नाही आहात.
आठवताय.
वाचणारा माणूस अडखळतो.
त्यांनी चौकट स्वतःच उतरवली, घडी करायला गेले,
तिची घडी होत नाही.
त्या कागदाचं मी काय केलं
ते इथे सांगत नाही.

"बोला," मुर्तझाभाई पाच पावलं लांब,
हातात फुलांचा जुडगा, पाठ माझ्याकडे.
लाटा.
"हा?"
तारा.
"हा?"
अधिक. परत तारा. वर्तुळ.
दहाच्या दहा बरोबर.

त्यांनी पत्ते खाली ठेवले.
"साहेब," म्हणाले, अगदी हळू,
"मी अजून पिसलेच नव्हते."

खाली कुणीतरी तराजूत खिळे ओतले.

मग पिसले. मग एक पत्ता धरला.
मी गप्प.
ते एक पाऊल पुढे आले. "आता?"
अजून एक. "आता?"
दोन हातांवर आल्यावर मी म्हटलं, चौकोन.
तो चौकोनच होता.
तेवढ्या अंतरावरून माणसाच्या मनातलं
तसंही कळतं.

वरच्या फळीवरून त्यांनी एक जुडगा काढला.
खूण चिंचोक्याएवढी.
हे तर कुणालाही दिसेल, मी म्हणालो.
"दिसतं. पण बघतंय कोण?
लोक तुमच्या डोळ्यांकडे बघत असतात."

दोनशे ऐंशी. मी तीनशे दिले,
वरच्या वीस रुपयांत त्यांनी एक सुई दिली, बारीक,
पुढे बोटांनी वाचायची वेळ आली तर, म्हणाले,
टोचून घ्या घरच्या घरी.
मी ती शर्टाच्या आत अडकवली.

जिन्यातला दिवा गेलेला.
अकरा पायऱ्या, मला पाठ आहेत.
नवव्या पायरीवर अडखळलो.